चन्नवीरचा बाटला

महिपतराव,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही पत्रापलीकडेच गेलात. तरी लिहिते, कारण तुम्ही ती गोष्ट आयुष्यभर चुकीची सांगत फिरलात आणि मला चुकीचं ऐकून घ्यायची सवय नाही. चहाच्या गाड्यावर सांगितलीत, लग्नाच्या मांडवात सांगितलीत, एकदा माझ्या कॉलेजच्या फाटकाशी शिपायाला धरून सांगितलीत. दर वेळी शेवट तोच: "मधीच आमची ही दमली, दोर थांबला, आन मग मी माज्या छातीवर वर आलो." बजाबाई शेजारी असली तर पदर तोंडाशी नेऊन हसायची आणि गप्प राहायची.

तुम्ही पाण्याखाली होतात. वर काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. मी तिथेच होते, पण मलाही अर्धंच दिसलं. उरलेलं बजाबाईनं पुढे तुमच्या अंगणात शेंगा फोडता फोडता सांगितलं. तेव्हा आता ही गोष्ट तिच्या बाजूनं होऊ दे. तिच्यात एक कॉलेजातली बाई येते. ती मीच; पण बजाबाई मला तसंच म्हणायची, म्हणून तसंच ठेवते.

वळसंगाच्या पंचक्रोशीत विहिरीत काही पडलं की महिपतीला बोलावणं जायचं. कळशी, पंपाचा पाइप, बैलाची घुंगुरमाळ, कधी एखादी सासुरवाशीण. महिपती काठावर बसायचा, दोनचार दम भरायचा आणि पोटाशी दगड धरून खाली जायचा. बघणारे आपला श्वास रोखून धरायचे, त्यांचा सुटायचा, पुन्हा धरायचे, तोही सुटायचा, तरी महिपतीचा पत्ता नसे. मग यायचा. त्याच्या घराण्यात दोन कायदे होते. एक, घेतलेला दम वर आल्याशिवाय सोडायचा नाही. दुसरा, दोर बायकोनं धरायचा. बजाबाई नातेपुत्याहून लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या हातात जात्याच्या खुंट्याआधी दोर दिला. म्हणाली, "भाव आसला तर दमतो, मैतर आसला तर बिडी पेटवाया जातो. जिचं कुंकू खाली गेलंय ती दोर सोडत न्हाय."

एक हिसका म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे ओढ. एवढ्या तीन शब्दांवर त्या नवराबायकोनं वीस वर्षं संसार केला, आणि वर असतानाही फार जास्त शब्द वापरले असं मला वाटत नाही.

पुढे धरणाच्या कामावर मुंबईचे पाणबुडे आले. त्यांचं सामान उचलता उचलता महिपती पाठीवर हवेचा बाटला बांधून उतरायला शिकला. काम संपलं, पाणबुडे गेले, त्यांचा एक जुना संच पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पडून राहिला आणि महिपतीची गाठ त्या ऑफिसाशी पडली. पण तोवर त्या बाटल्यानिशी तो उतरला होता ते वीसपंचवीस फूट. तेवढ्यात काय, तो नुसत्या दमावरही जाऊन आला असता.

पंचाहत्तर साली पितृपक्षात भीमेला पूर आला आणि सोलापूरचे नळ कोरडे पडले. नदी दुथडी वाहतेय आणि नवी पेठेत बायका घागरी घेऊन भांडतायत! झालं होतं ते असं. नदीकाठी शहराला पाणी चढवणारी एक खोल, गोल विहीर होती. तिच्या तळाशी पंपाच्या नळाला जाळी. पुराबरोबर बाभळीच्या फांद्या आत घुसल्या, त्यांच्यावर गाळ बसला आणि जाळी बुजली. विहीर तोंडापर्यंत भरलेली, पण पंपाला घोटभर मिळेना. खाली साठ फूट पाणी, तेही गढूळ. कुणीतरी उतरून फांद्या कापायला हव्या होत्या.

बजाबाई महिपतीबरोबर विहिरीवर पोचली तेव्हा ऑफिसचे साहेब कठड्याला टेकून उभे होते. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. दवाखान्यातसुद्धा पाणी नव्हतं आणि वरून फोनवर फोन येत होते. पुण्याहून एक भरलेला मोठा बाटला आला होता. दुसरा यायचा होता, तो पुरानं रस्ता तुटल्यामुळे अडकला होता. आणि आलेल्या बाटल्यात एक खोट होती. त्याला राखीव हवेची एक दांडी असते. हवा संपत आली की ती खाली ओढायची, मग तळाशी राखून ठेवलेली हवा मिळते. ती दांडी मोडकी होती.

"म्हंजे संपली की संपली?" बजाबाईनं विचारलं.

"संपली की मी वर येतो की," महिपती म्हणाला, आणि छातीवर थाप मारली. "हिकडं बग. माजा राखीव बाटला. बापानं दिलेला."

साहेबांना ते पटलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. हवा किती वेळ पुरेल ते सांगायला त्यांनी कॉलेजातून कुणाला तरी बोलावलं होतं, पदार्थविज्ञान शिकवणारं. जीप आली आणि तिच्यातून एक काटकुळी बाई उतरली, पदर खोचलेला, पायात पुरुषी चपला. बजाबाईला वाटलं, हिचं लगीन झालेलं दिसत न्हाय. आणि मग वाटलं, आसली बोलनारी, कुनाचं धाडस हुनार.

कारण बाईनं आल्या आल्या महिपतीला झाडलं. "छातीवर वर याल? याच की! नंतर चौघांच्या खांद्यावर जाल."

"आवो बाई, मी दोन-दोन मिंटं—"

"ते गावाकडच्या विहिरीत, नुसत्या दमावर. तिथे तुम्ही वरची हवा खाली नेता. पाण्यानं ती दाबली जाते आणि वर आलात की होती तेवढीच होते. बाटल्यातली हवा तुम्ही तळाशी घेणार, मुळातच दाबलेली. ती धरून वर आलात की छातीत फुगत जाणार, जवळजवळ तिप्पट. भाकरी फुगते तशी. आणि फुगून काय होते भाकरी?"

"फाटती," बजाबाई म्हणाली.

"बरोबर! कळतंय तिला. तुम्हाला कळतंय का?"

महिपती हसला. ज्या कायद्यानं बाप, आजा, पणजा जगला तो कायदा ही बाई मोडायला सांगत होती. पण बजाबाई हसली नाही. ती म्हणाली, "भोक पडलेली भाकरी फुगत न्हाय."

बाईनं तिच्याकडे वळून बघितलं. "म्हणून वर येताना तोंडाला भोक हवं. सतत हवा सोडत यायचं. बोंबलत या, महिपतराव, हिच्या नावानं. नवराबायकोत एवढं तर येत असेल?"

"त्ये येतंय," महिपती म्हणाला. "मला महिपतराव म्हननाऱ्या तुमी पैल्याच. तेवढ्यासाटी बोंबलतो."

बाईनं त्याच्याकडून चारचारदा वदवून घेतलं. तरी बजाबाईच्या मनात खुटखुट राहिली. तोंडानं कबूल केलेलं अंगात उतरायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिची स्वतःची मूठ झोपेतसुद्धा दोर धरल्यासारखी वळायची.

आता प्रश्न उरला राखीव बाटल्याचा. साहेबांनी त्याची सोय आधीच केली होती. दवाखान्यातून ऑक्सिजनचा बाटला आणून ठेवला होता, काळा, पांढऱ्या खांद्याचा, भरभक्कम. बजाबाईनं तो ओळखला. तिचा बाप दवाखान्यात गेला तेव्हा त्याच्या खाटेशी असाच एक उभा होता, आणि शेवटच्या दोन दिवसांत बापाला जे काही बरं वाटलं ते त्याच्यामुळेच. तिनं मनातल्या मनात त्याला हात जोडले. हा बरोबर असला तर भ्यायचं कारण न्हाय.

"हा नाही चालायचा," बाई म्हणाली.

साहेब चिडले. "अहो, मरणाऱ्याला आपण हाच लावतो! साध्या हवेपेक्षा शुद्ध आहे."

"म्हणूनच नाही चालायचा. मिठाशिवाय जेवण अळणी, म्हणून वाटीभर मीठ खाल का? काठावर हा जगवतो. साठ फुटांखाली हाच फेफरं आणतो. हातपाय झाडायला लागला माणूस की तोंडातली नळी सुटते. मग?"

"कशावरून?"

"पुस्तकावरून. नौदलाच्या लोकांनी जीव देऊन शिकलेलं आहे. तुम्ही महिपतरावांवर पुन्हा शिकू नका. आणि याचे आटे आपल्या नळीला बसतात तरी का?"

आटे बसत नव्हते. संचात तोंडाची एक जादा नळी होती, ती साहेबांनी सकाळपासून तीनदा लावून बघितली होती. पण वर्कशॉपातून जोड करून घेतो म्हणाले, संध्याकाळपर्यंत होईल.

"आटे वेगळे का ठेवलेत, याचा विचार करा," बाई म्हणाली. "तुमच्यामाझ्यासारख्यांनी घाईत लावू नये म्हणून."

"मग दुसरं काय आहे तुमच्याकडे?" साहेबांचा आवाज चिरकला. "शहरात लहान मुलं आहेत, बाई! दवाखान्यात बाळंतिणी आहेत! मी वाट कुणाची बघू?"

बाईनं बांधाच्या वाटेकडे बघितलं. तिनं येताना एका गिरणीत निरोप ठेवला होता, पण निरोप्याचा भरवसा काय? टायरच्या दुकानातली हवा भरून घेऊ, असंही एकजण म्हणाला. त्या हवेला तेलाचा वास मारतो आणि जोरही नसतो. बाईनं नुसता हात उडवला. महिपती कठड्यावर बसून पाय हलवत होता. "तुमचं ठरंस्तोवर मी जाऊन येतो की," म्हणाला.

इतक्यात बांधावरून सायकल आली. कॅरिअरला पोत्यात गुंडाळून काहीतरी बांधलेलं. सायकलवरचा चन्नवीर त्याच गिरणीच्या आगीच्या पथकात जमादार होता. धुरात शिरायचं तर पाठीवर हवेचा बाटला लावतात, तसला एक त्यानं आणला होता. त्यानं पोतं सोडलं. बाटला लहान मुलाएवढा.

"ह्ये काय रं?" महिपती म्हणाला. "तान्ह्याला दूद पाजाया आनलंस व्हय?"

"मोठा पाहिजे तर गिरणीचा बॉयलर काढून आणतो," चन्नवीर म्हणाला. तो कानडी मुलखातला, मराठी तोलून मापून बोलायचा. "उन्हाळ्यात भरून आणलाय मुंबईहून. काटा बघून घ्या. आणि अक्का, आमच्या साहेबाला ठाऊक नाही हां."

"आन तितं आग लागली तर?" बजाबाईनं विचारलं.

"तर मी पळतो की."

बाईनं काटा बघितला. भरलेला होता, थोडासाच उतरलेला. जादा नळी लावली. आटे गपकन बसले. महिपतीला दहापंधरा श्वास घ्यायला लावले, स्वतः घेतले, जिभेवर चव घेतली. वास नाही. मग तिनं चपलेच्या टोकानं चिखलात आकडेमोड केली आणि तिचा चेहरा उतरला.

"काठावर पुरेल दहा मिनिटं. तळाशी तीन. धाप लागली असली तर तेवढीही नाही."

"बघा!" साहेब म्हणाले. "आणि हा काळा अर्धा दिवस पुरेल."

सगळे बजाबाईकडे बघायला लागले. वळसंगाच्या रिवाजानं दोर जिच्या हातात, शेवटचा शब्द तिचा. साहेबांनाही ते एव्हाना कळलं होतं. एकीकडे बापाच्या उशाशी उभा राहिलेला मोठा काळा बाटला, दुसरीकडे हे तान्हं. बजाबाईला पुस्तकातलं काही कळत नव्हतं आणि बाईचा शब्द खरा की साहेबांचा हे ठरवायचं साधन तिच्याजवळ नव्हतं.

तिनं एकच विचारलं. "बाई, ह्यातल्या कोनत्यात हितली हवा हाय? आत्ता आपुन घेतोय ती?"

"लहान्यात."

"मग त्योच. येवडी वर्सं ह्यास्नी हितलीच हवा मानवलीया."

बाईनं महिपतीचा दंड धरला. "ऐका. हा बाटला कामाचा नाही. घरी येण्याचा आहे. मोठ्यातली हवा ओढायला जड लागली की एक फांदीसुद्धा जास्त कापायची नाही. हा तोंडात, तीन हिसके, आणि बोंबलत वर."

चन्नवीरनं लहानगा बाटला स्वतःच्या हातानं महिपतीच्या कुशीला आवळून बांधला. "रिकामा परत आणू नका म्हणजे झालं."

"दुसऱ्याचं भांडं रिकामं देत न्हाईत आमच्यात," बजाबाई म्हणाली.

महिपती उतरला. पाणी चहासारखं; कमरेखालचा तोच दिसेना. डोकं गेलं आणि उरले फक्त बुडबुडे, पाण्याच्या तोंडावर भसाभस फुटणारे. दोर सरसर गेला आणि थांबला. एक हिसका. ठीक.

गावाकडच्या विहिरींत दमावर उतरताना कधी बुडबुडे नसायचे. तेव्हा दोर हाच काय तो नवरा. आज बजाबाईला त्याचा श्वास दिसत होता. आला, थांबला, आला, थांबला. ती नकळत त्याच्याबरोबर श्वास घ्यायला लागली. मग वर फांदी आली, काटेरी, चिखलानं माखलेली. मग आणखी एक. साहेब टाळी वाजवणार होते, बाईनं नुसतं बघितलं. बुडबुडे आता घाईनं यायला लागले होते. खाली माणूस दमत होता. बाई घड्याळाकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"बोलवा त्यांना," बाई म्हणाली.

बजाबाईनं तीन हिसके दिले. खालून एक आला. ठीक म्हणे! एवढं एक खोड काढून येतो, असा त्याचा स्वभाव. तिला शिवी आठवली, ती तिनं गिळली. पुन्हा तीन. मोठा थोरला ओंडका भुसकन वर आला, त्याच्या मागं गाळाचा ढग. आणि बुडबुडे तुटले.

तुटले ते तुटलेच.

मग बारीक, निराळ्या जागी फुटले. लहान बाटला तोंडात गेला. तीन हिसके आले, आणि एवढ्या जोरात की तिचा हात कठड्याला घासला. ती ओढायला लागली. वीत वीत नाही, हात हात. चन्नवीर मागं दोर गुंडाळत होता. बुडबुडे येत होते, दोर येत होता. आला आला म्हणेपर्यंत अर्ध्यावर आला असेल.

आणि पाणी शांत झालं.

दोर जड होता, जिवंत होता, माणूस त्याला धरून होता. पण बुडबुडा एक नाही. बजाबाईच्या डोळ्यांसमोर तवा आला. टम्म फुगलेली भाकरी, वरचा पापुद्रा ताणून पातळ झालेला.

तिनं ओढणं थांबवलं.

"ओढ!" साहेब किंचाळले. "काय करतेयस? ओढ की!" ते दोराला हात घालायला धावले. कॉलेजातल्या बाईनं त्यांचं मनगट पकडलं. तिलाही दिसलं होतं. "हात लावू नका," ती म्हणाली. "थांबू द्या तिला." पण तिचीही नजर घड्याळावर होती, कारण अर्ध्यावर थांबवायचं म्हणजे त्या मूठभर हवेतलीच हवा खर्च करायची, आणि ती किती उरलीय हे कुणाला ठाऊक?

बजाबाईनं दोर कमरेला वेढा देऊन धरला. आयुष्यभर जो माणूस वर यायची ती वाट बघत आली, त्याला तिनं पाण्यात अडवून धरलं. खालून तीन हिसके आले. ओढ. तिनं ओढलं नाही. पुन्हा तीन, रागाचे. घेतलेला दम सोडायचा नाही, हा सासरचा कायदा तिच्या कानात होता, आणि त्याच्यावर पाय देऊन ती उभी होती. "सोडा," ती पुटपुटत होती. "आवो, सोडा. दम सोडा."

भसकन एक मोठा बुडबुडा आला. हंडा पालथा करावा तसा. मग दुसरा, लहान. तिनं एक हात ओढलं. बुडबुडा. एक हात. बुडबुडा. तो थांबला की ती थांबे, तो आला की ती ओढे. महिपतीचं डोकं पाण्यावर आलं तेव्हा तो खरोखर बोंबलत होता, आणि तिच्याच नावानं.

कठड्यावर घेतल्यावर बाईनं त्याच्या तोंडाला कान लावला, थुंकी बघितली, रक्त नाही हे बघितलं, आणि मग ओरडली, "श्वास का धरलात?"

"हवा वाचवत व्हतो," महिपती म्हणाला. "येवडुसा तर बाटला. म्हनलं जपून वापरावी. आन ही मधीच दमली!"

बजाबाईच्या तळहाताची सालटी निघाली होती. तिनं हात पदरात गुंडाळले. संध्याकाळी पंप घरघरला आणि पाणी चढलं. साहेब तिथंच चिखलात बसले आणि रडले.

पुढे शेंगा फोडताना कॉलेजातल्या बाईनं तिला विचारलं, की तू त्यांना खरं का सांगत नाहीस? दमले नव्हते, अडवलं होतं म्हणून?

"सांगून?" बजाबाई म्हणाली. "पुन्ना विहिरीत उतरायचंच हाय त्यास्नी. तितं छातीच कामाला येती. तिच्यावरचा इस्वास गेला तर मानूस बुडल की. मी दमले म्हनत्यात तर म्हनू द्या. माजं काय जातंय."

तेव्हा, महिपतराव, असं होतं. छातीनं नाही, तिच्या थांबण्यानं तुम्ही वर आलात.

राहिला तो बाटला. खंडेनवमीला तुमच्या घरी कोयत्याकुऱ्हाडीशेजारी त्याचीही पूजा झाली, बजाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. चन्नवीर न्यायला आला तर ती देईना. रिकामं कसं देऊ? भरायची सोय पुण्यामुंबईशिवाय नव्हती. मी दिवाळीत पुण्याला जाणार होते. ठरलं असं, की तुम्ही बाटला स्टेशनवर आणून द्यायचा आणि मी तो भरून आणायचा. त्या दिवाळीला कुणाच्या तरी विहिरीत बैल पडला आणि तुम्हाला यायला जमलं नाही. पुढच्या खेपेला मी तुमच्या गावावरून गेले, तर तुम्ही अक्कलकोटकडे. मग गिरणीनं नवा संच घेतला, चन्नवीर म्हणाला राहू दे, आणि बजाबाई म्हणाली राहू कसं दे.

तो अजून तुमच्या सुनेच्या दारात आहे, मी परवाच बघितला. माळ ताजी होती. काटा शून्यावर.